चाँदरातीनंतरचा मंगळवार

मगरिबच्या अजानला अजून दहा मिनिटं असतात. दस्तरखानावर खजूर, पपईच्या फोडी, कांदाभजी आणि सरबताचा जग मांडलेला असतो. धाकटी मुलगी पेले मोजत असते. तिची आई खजुराच्या ताटलीशेजारी स्टीलची एक छोटी डबी ठेवते. अजान होते, रोजा सुटतो, नमाज होते. घर जेवायला बसलं की दोन घास झाल्यावर ती डबी नवऱ्याकडे सरकवते आणि हळूच म्हणते, "अजी, दवा." तो गोळी घेतो. कोणी त्याच्याकडे बघत नाही, कारण आता त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

ही गोळी दारूची ओढ कमी करणारी आहे. घरातला कर्ता बेचाळीस वर्षांचा आहे आणि भाजीबाजारात मालवाहू टेम्पो चालवतो. त्याचं नाव आणि गाव इथे मुद्दाम दिलेलं नाही, कारण हे सगळं लपवण्यातच त्याची बरीच वर्षं गेली आहेत आणि ते उघड करायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याचाच आहे.

दारू त्याने विशीत धरली. तरी रमजानचा महिना तो कोरडा काढायचा. चाँद दिसला की बाटली बंद, थेट चाँदरातीपर्यंत. मोहल्ल्यात त्याचं कौतुकही व्हायचं: "पितो खरा, पण रमजानचा मान राखतो." चाँदरातीला मित्र हाक मारायचे, आणि ईदच्या सकाळी ईदगाहकडे जाताना त्याचं डोकं जड असायचं.

हा प्रकार एकट्या मोहल्ल्याचा नाही. श्रावण पाळणारे गटारीला कसे 'भरपाई' करून घेतात, हे महाराष्ट्रात सांगायला नको. पंढरीची माळ घातल्यावर दारू कायमची सुटलेली माणसं गावोगाव आहेत, आणि वारीपुरती सोडून परतताना पुन्हा धरणारेही आहेत. श्रद्धा माणसाला थांबवू शकते, हे दोन्हीकडे खरं. पण थांबणं आणि बरं होणं यांत अंतर आहे, हेही दोन्हीकडे तितकंच खरं.

तिसऱ्या तरावीहची रात्र

गेल्या वर्षी रमजानच्या तिसऱ्या रात्री तरावीह चालू असताना हा माणूस सफीतच कोसळला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. कोणी चप्पल हुंगवली, कोणी दम केला. बाहेर दोघातिघांत कुजबुज झाली, की इतकी वर्षं प्यायला त्याची ही सजा आहे. एका तरुणाने मात्र रिक्षा आणली आणि त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी घेतली?"

उत्तर होतं, चाँद दिसायच्या आदल्या संध्याकाळी.

ती सजा नव्हती. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. दारू एकाएकी बंद झाली की दाबून ठेवलेली मज्जासंस्था उसळते. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, दिवस-रात्रीचं भान सुटतं. ही अवस्था वेळीच सांभाळली नाही तर जिवावर बेतते. त्यात रोज्यामुळे पाणी पोटात जात नसेल तर शरीर आणखी खचतं. काही शहरांत 'बटन' किंवा 'कुत्ता गोळी' म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचंही असंच आहे. त्या एका झटक्यात सोडल्या तर आकडी येऊ शकते.

म्हणून रोज पिणाऱ्याने रमजानसाठी, श्रावणासाठी किंवा वारीसाठी दारू सोडायची ठरवली, तर ती नियत नेकच आहे. पण सोडण्याआधी डॉक्टरला भेटायला हवं. हे आठ-दहा दिवस औषधांच्या आधाराने सुखरूप काढता येतात.

उलट बाजूचा धोका ब्राऊन शुगरसारख्या अफूजन्य नशेत असतो. महिनाभर बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. मग चाँदरातीला जुन्याच मापाने घेतलं, तर तेच माप जीव घेऊ शकतं.

३८ मधला एक

भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या पाच कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक.

व्यसनमुक्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दाखल होणं येतं. महाराष्ट्रात त्याचं उजळ उदाहरण पुण्याचं 'मुक्तांगण' आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या पाठबळावर ते १९८६ साली उभं केलं आणि व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून नव्हे तर रुग्ण म्हणून बघायला महाराष्ट्राला शिकवलं. पण टेम्पोचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला महिनाभर घर सोडणं परवडत नाही. शिवाय प्रत्येकाला दाखल व्हावंच लागतं असंही नाही. बरेच जण बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे केसपेपर काढून, डॉक्टर आणि समुपदेशकाला भेटून, औषध घेऊन घरी परतण्याच्या वाटेनेही सावरतात. ही वाट लांब असते. ती चालायची तर माणूस पुन्हा पुन्हा त्या दारात यायला हवा.

आणि तो येतो की नाही, हे पुष्कळदा औषधापेक्षा दारातच ठरतं.

टेम्पोवाल्याचा दुसरा मंगळवार असाच हुकता हुकता राहिला. रांगेत पन्नास माणसं होती. खिडकीवरून आवाज आला, "दारूवाले तिकडे बसा, त्या बाकावर." रांगेत त्याचा शेजारी होता, मुलीच्या शाळेतल्या बाई होत्या. तो वळला आणि फाटकापर्यंत गेला. मागून समुपदेशक बाई आल्या. त्यांनी काही समजावलं नाही. "भाई, चहा घेतलात का? चला, माझाही व्हायचाय," एवढंच म्हणाल्या. तो परत फिरला. पुढच्या मंगळवारी बाईंनी वरिष्ठांना सांगून त्या बाकाची प्रथा बंद करून घेतली. आता सगळ्यांना नंबर मिळतो आणि नंबरानेच हाक येते.

समाधान कसं मोजायचं?

रुग्ण समाधानी आहे का, हे विचारण्याची पद्धत जगभर रुळली आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात तयार झालेली आठ प्रश्नांची एक प्रश्नावली आजही खूप ठिकाणी वापरतात. सेवेचा दर्जा कसा वाटला, हवी ती मदत मिळाली का, ओळखीच्या कुणाला अशीच गरज पडली तर इथे पाठवाल का, पुन्हा गरज लागली तर याल का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला चार पर्याय, कमीत कमी गुण ८ आणि जास्तीत जास्त ३२.

अडचण अशी की या प्रश्नांना उत्तरं बहुतेक चांगलीच येतात. त्यात आपल्याकडे सरकारी दवाखान्यात फुकट औषध घेणारा माणूस साहेबांसमोर "सगळं छान आहे" असंच म्हणणार. उपकाराखाली दबलेल्या माणसाचं समाधान खरं किती, हे कागदावरून कळत नाही.

म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: "तुमचं जगणं कसं चाललंय?" जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात त्यासाठी एक मोजपट्टी तयार केली. तिच्या कामात दिल्ली आणि चेन्नई इथली केंद्रंही सहभागी होती. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत. शरीर, मन, नाती आणि भोवताल असे तिचे चार भाग आहेत. झोप कशी लागते, काम करण्याची ताकद आहे का, स्वतःबद्दल काय वाटतं, मित्रांचा आधार आहे का, गरजेपुरते पैसे असतात का, राहतं घर कसं आहे, असं सगळं त्यात येतं. प्यायलात का, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. तरी व्यसनाने पोखरलेली एकेक गोष्ट त्या यादीत सापडते.

सहा महिने दारूविना झाल्यावर बाईंनी टेम्पोवाल्याला असेच प्रश्न विचारले. समाधानाच्या प्रश्नांना त्याने भरभरून गुण दिले. जगण्याच्या प्रश्नांवर मात्र तो अडखळला. भूक परत आली होती, हात थरथरत नव्हते. पण झोप तुटक होती. दारू सुटल्यावरही काही जणांची झोप सुधारायला महिने लागतात, हे त्याला तेव्हा कळलं. मित्रांच्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प होता. त्याचे सगळे मित्र पिणारे होते. दारूबरोबर तेही सुटले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पैशाच्या प्रश्नाला तो हसला. कर्ज तसंच होतं, फक्त आता ते शुद्धीत दिसत होतं.

समाधान पूर्ण आणि जगणं अर्धं, असं ते चित्र होतं. याच फटीतून माणूस पुन्हा बाटलीकडे जातो. सोडूनही काय मिळालं, हा प्रश्न त्याला एखाद्या संध्याकाळी पडतो आणि त्याचं उत्तर देणारं जवळ कोणी नसतं.

गोव्यातला धडा

गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, तो या संदर्भात पाहण्यासारखा आहे. दारू अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या, पण पूर्ण आहारी न गेलेल्या पुरुषांशी प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य माणसांनी, म्हणजे डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी, जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचं, असा तो उपचार होता. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर, मागच्या दोन आठवड्यांत दारूला शिवले नाहीत असे पुरुष समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के होते. ते न मिळालेल्या गटात १८ टक्के होते. महागडं यंत्र नाही, मोठी इमारत नाही. ऐकून घेणारं माणूस आणि ठरवून दिलेली वेळ एवढ्यावर हा फरक पडला.

पण त्याच अभ्यासाने दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे नोंदवली. कामाचे बुडालेले दिवस आणि जोडीदाराला होणारी मारहाण यांत त्या तीन महिन्यांत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. दारू कमी झाली म्हणून घर आपोआप सावरत नाही. घराकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं.

हे बायकांना आकडेवारीशिवाय ठाऊक असतं. 'मुक्तांगण'ने रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट सुरू केला तो म्हणूनच. टेम्पोवाल्याच्या बायकोला पहिले कित्येक मंगळवार कुणी काही विचारलं नव्हतं. तिने बाहेरच बसायचं, असा रिवाज होता. एके दिवशी बाईंनी तिला आत बोलावलं आणि विचारलं, "तुम्ही कशा आहात?" ती रडली नाही. तिने हिशेब सांगितला. कानातले कधी विकले, मुलीची फी कुणाकडून आणली, रात्री दार वाजलं की छातीत कसं धडधडतं आणि तो प्यायलेला नसतानाही अजून कसं धडधडतं. त्या दिवसापासून दर महिन्याला पंधरा मिनिटं तिची ठरली.

त्याआधी तिने एक उपाय करून पाहिला होता. 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर आणि रिक्षांच्या मागे असतात. तिथून आणलेली पूड ती महिनाभर सालनात मिसळत होती. अशा पुड्यांत काय असतं याचा भरवसा नाही. दारूशी उलटी प्रतिक्रिया देणारं डायसल्फिरामसारखं औषध त्यात असलं आणि वरून माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. क्वचित मृत्यूही ओढवतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. नकळत केलेल्या उपचारात जिवाचा धोका आहे, आणि ज्या विश्वासावर पुढचं सगळं उभं राहायचं तोही त्यात जातो.

रोजा आणि गोळी

यंदा रमजान जवळ आला तेव्हा टेम्पोवाल्याने विचारलं, "रोजे धरू की दवा घेऊ?" डॉक्टरांनी त्याची तपासणी केली, सकाळची गोळी इफ्तारनंतरच्या जेवणावर आणली आणि दोन्ही करायला सांगितलं. दिवसातून एकदाच घ्यायच्या औषधांची वेळ बहुधा अशी हलवता येते. जिभेखाली विरघळणारी गोळी रोज्याच्या वेळात चालत नाही, पण अफूजन्य नशेवर ती घेणाऱ्यांनाही डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेता येते. मनानेच गोळी बंद करणं तेवढं टाळायचं.

आणि ज्याची तब्येत रोजा झेपण्यासारखी नाही, त्याच्यासाठी सवलत कुरआनातच आहे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला रोजे पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची मुभा दिलेली आहे. मधुमेहाच्या रुग्णाला ही मुभा सहज मिळते. व्यसन हाही आजार आहे, हे मानायला मात्र मोहल्ला कचरतो.

खरं तर ज्या कुरआनाने दारू हराम ठरवली, त्याने ती एका आयतीत ठरवली नाही. आधी तिचा तोटा फायद्याहून मोठा आहे असं सांगितलं, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असं बजावलं आणि शेवटी पूर्ण मनाई केली. हुकूम आज पूर्ण आहे, त्यात सवलत नाही. पण मुरलेली सवय समाजातून काढताना टप्प्यांची वाट घेतली गेली, हे तौबा करणाऱ्याला टोमणे मारणाऱ्यांनी आठवायला हरकत नाही. नफ्सच्या ज्या अवस्था कुरआनात येतात त्यांतली एक 'लव्वामा' आहे, स्वतःलाच दोष देणारं मन. व्यसनी माणूस तिथे आधीच उभा असतो. त्याला आणखी दोष देणाऱ्याची गरज नसते.

रोज्याकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. महिनाभराचे रोजे असले तरी रोजा एका दिवसाचा असतो. सहरला नियत होते ती आजच्या रोज्याची. उद्याची नियत उद्या. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आज महाराष्ट्रातही ठिकठिकाणी बैठका भरवणाऱ्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'मध्येही हेच सांगतात, की जन्मभराची शपथ नको, फक्त आजचा दिवस. टेम्पोवाल्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "ये तो रोजे की नियत है."

पुढची तारीख

रमजानमध्ये त्याला संध्याकाळची भीती नसते. इफ्तार, मगरिब, इशा, तरावीह, मग सहरची तयारी. ज्या वेळात पूर्वी बाटली असायची, त्या वेळात आता माणसं असतात. गेल्या वर्षी रिक्षा आणणारा तो तरुण तरावीहला त्याच्या शेजारी उभा राहतो. मित्रांच्या प्रश्नाला आज तो कदाचित वेगळं उत्तर देईल. खरी भीती महिना संपल्यावरची आहे. मशिदीतली गर्दी ओसरते, संध्याकाळ मोकळी होते आणि फोन वाजायला लागतो.

म्हणून रमजानच्या शेवटच्या भेटीत बाईंनी औषधाबद्दल कमी आणि चाँदरातीबद्दल जास्त विचारलं. त्या रात्री कुठे असाल, सोबत कोण असेल, फोन कोण उचलेल? त्याने ठरवून सांगितलं. टेम्पो भावाकडे लावायचा. मुलीला मेंदी काढायला आणि बांगड्या घ्यायला बाजारात न्यायचं. फोन बायकोकडे. तरीही जीव कासावीस झाला तर रात्री चालणारी मोफत हेल्पलाइन आहे. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६. दोन्ही आकडे बायकोने फ्रिजवर चिकटवले आहेत.

पाय घसरलाच तर काय, हेही बोलणं झालं. घसरला तर लपून बसायचं नाही, मंगळवारची वाटही बघायची नाही, दुसऱ्याच दिवशी यायचं. आजार उलटला म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला कोणी हाकलत नाही, तसं इथेही हाकलणार नाहीत, असं बाईंनी दोनदा सांगितलं.

मग केसपेपरवर पुढची तारीख पडली. ईदनंतरचा पहिला मंगळवार.

"येताना शीरखुर्मा आणा," बाई हसून म्हणाल्या.

तो दारात थांबला आणि बाहेरच्या रांगेकडे नजर टाकून हिशेब करू लागला. "बाई, मोठा डबाच आणतो," तो म्हणाला. "मंगळवारी लई माणसं असतात."